पहाटेची हवा आणि पळणारी पोरं



उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडच्या रस्त्यांना रात्र अशी राहत नाही. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रेलर, गाणी लावलेली, कांडी खाली पडत चाललेली. आणि पहाटे पाचच्या सुमाराला त्याच रस्त्याच्या कडेनं दुसरी एक रहदारी सुरू होते. ती पायांची. पोलीस भरती, लष्कराची भरती यांची तयारी करणारी पोरं पळत असतात. अलीकडं पोरीही आहेत, आणि त्यांचा मला जास्त अभिमान वाटतो. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. दोन-चार सेकंदांनी गुण जातात आणि एका गुणानं नोकरी जाते. ज्या घरात दोन एकरांवर तीन भाऊ आहेत, त्या घराला ही सेकंदं किती महाग आहेत ते मी सांगायला नको.

पहाटेची हवा म्हणजे अमृत, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मीही दहा जणांना सांगत आलो. ते आज थोडं दुरुस्त करायचं आहे, कारण माझ्याच घरात त्याचा दणका बसला.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी बारावी झाल्यापासून भरतीच्या मागं आहे. जूनपासून तिनं पळण्याचा एक दिवस खाडा केला नव्हता. दिवाळीपर्यंत तिचा वेळ छान उतरत आला. जानेवारीत मात्र गाडी अडली. ८०० मीटरला आधीपेक्षा आठ-नऊ सेकंद जास्त लागायला लागले. पळून आली की ओसरीवर बसून खोकायची. जवळ बसलं तर छातीत बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा.

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. आमच्या आईचं म्हणणं, थंडी बाधली, ओव्याची पुरचुंडी शेका. भावाचं म्हणणं, मुलीच्या जातीला हे झेपायचं नाही, मी आधीच सांगत होतो. आणि त्याच हप्त्यात एक स्थळही सांगून आलेलं. म्हणजे पोरीचा खोकला हा नुसता खोकला राहिला नव्हता. तो आणखी पंधरा दिवस टिकला असता तर तिचे बूट माळ्यावर गेले असते. ती मला एवढंच म्हणाली, “तात्या, पाय दुखत नाहीत हो. श्वासच पुरत नाही.”

तालुक्याच्या गावी एका जुन्या डॉक्टरांकडं तिला घेऊन गेलो. त्यांनी छाती तपासली, फुंकर मारायच्या नळीत दोन-तीनदा फुंकायला लावलं आणि मग विचारलं, “कुठं पळतेस? किती वाजता? त्या वाटेवर काय जळतंय?” तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मंडळी, जळत होतं ते माझं पाचट होतं. कॅनॉलच्या पट्टीला लागून माझा खोडव्याचा तुकडा आहे. ऊस गेल्यावर मी संध्याकाळी दिवस मावळताना पाचटाला काडी लावली होती. वारं पडल्यावर मुद्दाम लावली, शेजारच्या उभ्या फडात ठिणगी जाऊ नये म्हणून. त्याच्या आधी चार दिवस शेजाऱ्यानं लावली होती, पलीकडच्यानं परवा लावली. आणि त्या पट्टीवरूनच आमच्या चार-पाच पोरी रोज पहाटे पळत होत्या, कारण मोठ्या रस्त्यापेक्षा ती वाट सुरक्षित, असं आम्हीच त्यांना सांगितलं होतं.

डॉक्टरांनी मग जे समजावलं, ते आपल्या अनुभवाशी लावून बघा. उन्हाळ्यात दुपारी धूर कसा सरळ वर निघून जातो? जमीन तापलेली असते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि धुराला घेऊन जाते. हिवाळ्यात उलट. आभाळ स्वच्छ, वारा नाही. सूर्य बुडाला की जमीन भराभर निवते. तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते, आणि तिच्यावर तुलनेनं उबदार हवेचा थर बसतो. भांड्यावर झाकण ठेवावं तसं होतं ते. मग खाली जे काही पेटवलं असेल, त्याचा धूर त्या झाकणाखालीच राहतो. पहाटे गावाबाहेर उभं राहून बघा. चुलीचा धूर छपराच्या थोडा वर जातो, तिथं आडवा होतो आणि गावावर पांढरी पट्टी धरून राहतो. ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. थंडीचा कडाका खोलगट रानात जास्त बसतो, कारण जड हवा पाण्यासारखी उतरून सखल जागी साचते. धूरही तसाच साचतो. ओढ्याकाठ, नदीकाठ, कॅनॉलच्या कडेची खोलगट रानं ही त्याची बसायची ठिकाणं.

हे झाकण सूर्य वर आला, जमीन तापली की सुटतं. आपल्याकडं हिवाळ्यात त्याला नऊ-दहा वाजतात. म्हणजे संध्याकाळी लावलेल्या आगीचा, रात्रीच्या शेकोट्यांचा, वीटभट्टीचा, पहाटेच्या चुलींचा, सगळा धूर ज्या वेळेला जमिनीलगत जास्तीत जास्त दाटलेला असतो, नेमक्या त्या वेळेला आपली पोरं फुफ्फुसं उघडून पळत असतात. पावसाळ्यात किंवा वारा वाहत असताना पहाटेची हवा खरोखरच चांगली असते, तिला मी नावं ठेवत नाही. दोष पहाटेचा नाही, आपण तिच्यात काय सोडतो त्याचा आहे.

आता पळणाऱ्यालाच जास्त त्रास का? माणूस शांत बसला असेल तर मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात पळताना तीच साठ, ऐंशी, कधी शंभर लिटरपर्यंत जाते. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर, रात्रभर आठ तास झोपेत आपण जेवढी हवा ओढतो, जवळपास तेवढी तासाभराच्या पळण्यात ओढली जाते. शिवाय दम लागला की तोंड उघडतं. नाक ही देवानं दिलेली चाळणी आहे. ते हवा गाळतं, कोमट करतं, ओलसर करतं. तोंडानं घेतलेली हवा गार आणि जशीच्या तशी आत जाते.

धुरातला जो डोळ्यांना झोंबतो तो भाग त्यातल्या त्यात सभ्य म्हणायचा, कारण तो कळतो. खरा घातक भाग दिसतच नाही. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला डोक्याचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हिशेब करा. हे कण फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. त्यानं श्वासनलिका सुजतात, आवळतात. दुसरा चोर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू. नीट न जळता धुमसणाऱ्या प्रत्येक आगीतून तो निघतो. रक्तात प्राणवायूची जी जागा असते, ती हा वायू दोनशेपट ओढीनं बळकावतो. पायांना प्राणवायू कमी पडला तर सेकंदं वाढणारच. पोरगी आळशी झाली नव्हती.

पारावर हे सांगितलं तेव्हा एक म्हातारबा हसले. म्हणाले, “आम्ही धुरातच जन्मलो, धुरातच वाढलो. हे शहरातले चोचले.” मी त्यांना एवढंच म्हटलं, आबा, आपल्या आळीत बिडीला कधी हात न लावलेल्या किती म्हाताऱ्या रात्रभर खोकतात ते मोजा. चूल फुंकण्यात हयात गेली त्यांची. धुरात वाढलो म्हणजे धूर पचला असं नव्हे.

आणि चोचलेच म्हणायचे तर ते कोणाचे, तेही ऐका. इथिओपिया देशात हायले गेब्रसेलासी नावाचा धावपटू होऊन गेला. शेतकऱ्याचा पोरगा, दहा भावंडं, शाळा दहा किलोमीटर लांब. रोज पळत जायचा आणि पळत यायचा. मोठेपणीही पळताना त्याचा डावा हात जरा वाकडाच राहायचा, काखेत वह्या-पुस्तकं धरल्यासारखा. दहा हजार मीटरला दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेला माणूस. २००८ साली चीनमध्ये बीजिंगला ऑलिंपिक होतं आणि तेव्हा मॅरेथॉनचा जागतिक विक्रम त्याच्याच नावावर होता. त्याला दम्याचा त्रास होता. बीजिंगच्या हवेत ४२ किलोमीटर पळणं माझ्या प्रकृतीला परवडणार नाही, असं सांगून त्यानं ती शर्यत सोडली, आणि तिथं फक्त दहा हजार मीटर पळला, सहावा आला. चीननं त्या दिवसांत कारखाने बंद ठेवले, मोटारींवर बंधनं घातली, त्यामुळं हवा भीती होती तेवढी वाईट निघाली नाही, हेही खरं. पण पुढच्याच महिन्यात, २८ सप्टेंबर २००८ ला, बर्लिनमध्ये त्यानं २ तास ३ मिनिटं ५९ सेकंदांत मॅरेथॉन पळून स्वतःचाच विक्रम मोडला. ऑलिंपिकची शर्यत सोडायला त्याला लाज वाटली नाही. आपल्या पोरांना एका पहाटेचा सराव सोडायला का वाटावी?

आपल्या देशातलंही उदाहरण आहे. दिल्लीची अर्धमॅरेथॉन २०१७ साली १९ नोव्हेंबरला झाली. त्या महिन्यात तिथं धुरक्यानं कहर केला होता आणि डॉक्टरांच्या संघटनेनं शर्यत पुढं ढकला म्हणून मागणी केली होती. शर्यत झाली, हजारो लोक पळाले, काही तोंडाला मास्क बांधून. पुढच्या वर्षी, २०१८ ला, ती ऑक्टोबरमध्येच घेतली. २०१७ च्या त्या शर्यतीनंतर पंधराच दिवसांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, दिल्लीतच श्रीलंकेचे क्रिकेटपटू मास्क लावून कसोटी खेळत होते, ते तुम्हीही टीव्हीवर पाहिलं असेल.

आता आपल्या गावात हवा कशी आहे ते ओळखायचं कसं? मोबाईलवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं ॲप आहे. त्यात हवेचा निर्देशांक दाखवतात. पन्नासपर्यंत चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम, त्याच्या पुढं वाईट. तीनशेच्या पुढं अतिवाईट. पण एक ध्यानात ठेवा. मोजायची यंत्रं कोल्हापूर, सोलापूर, नाशिक अशा शहरांत आहेत. तुमच्या कॅनॉलच्या पट्टीवर कोणी काय पेटवलं ते त्या यंत्राला कळत नाही. शिवाय तो आकडा बारीक कणांच्या बाबतीत चोवीस तासांची सरासरी धरून काढतात, त्यामुळं पहाटेच्या दोन तासांचा दाट धूर त्यात लपून जाऊ शकतो. आकडा जरूर बघा, पण डोळे आणि नाक वापरा.

लांबची एक खूण ठरवून ठेवा. किलोमीटर-दीड किलोमीटरवरची पाण्याची टाकी, देवळाचं शिखर, टेकडीचं झाड. उजाडल्यावर ती स्वच्छ दिसली तर बरं. धूसर दिसली तर विचार करा. अंधारात बॅटरीचा झोत समोर टाका. झोत दुधासारखा पांढरा दिसला तर हवेत काहीतरी आहे. ते धुकं असेल तर त्याला वास नसतो आणि डोळे चुरचुरत नाहीत. धुराला वास असतोच. जळका वास आला म्हणजे त्या दिवशी जोराचं पळणं नाही. चालावं, घरात उठाबशा, जोर, दोरीवरच्या उड्या कराव्यात. मात्र घरातही चूल पेटलेल्या सोप्यात नको.

तोंडाला रुमाल बांधून पळावं का, असं बरेच जण विचारतात. रुमालानं धूळ अडते, गार हवा थोडी कोमट होऊन आत जाते, तेवढा फायदा आहे. बारीक कण त्यातून सरळ जातात. जो एन-९५ मास्क ते कण अडवतो, तो बांधून ८०० मीटर जोरात पळून बघा म्हणजे कळेल. पळण्याचा मास्क नसतो, पळण्याची वेळ आणि जागा असते. आणि गूळ? धुळीतून आल्यावर गूळ खावा असं आपल्यात म्हणतात. खावा की, आपल्याच उसाचा आहे. पण तो पोटात जातो, फुफ्फुसात नाही.

डॉक्टरांनी आमच्या मुलीला ओढायचा पंप लिहून दिला. त्यावर घरात दुसरा गोंधळ. पंपाची सवय लागते, लग्नात अडचण येते, वगैरे. डॉक्टर म्हणाले, सवय लागत नाही. औषध थेट छातीत जातं म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं. गरज असेपर्यंत घ्यायचं आणि आपल्या मनानं बंद करायचं नाही. पळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं सावकाश अंग तापवायचं, एकदम जोर करायचा नाही, हेही त्यांनी सांगितलं. ज्यांना पळताना छाती आवळल्यासारखी होते, शिट्टी वाजते, पळून झाल्यावर खोकल्याची उबळ थांबत नाही, चक्कर येते, त्यांनी ‘दम कमी पडतोय, अजून पळ’ असं स्वतःला सांगू नये. छातीत दुखलं तर तिथंच थांबावं आणि दवाखाना गाठावा.

राहिलं पाचट. इथं मी उपदेश करणार नाही, कारण काडी माझीच होती. मजूर मिळत नाहीत, खोडव्याला पाणी द्यायची घाई असते, म्हणून काडी ओढतो, हे मला ठाऊक आहे. पण हिशेब तरी बघावा. एकराला साधारण तीन-चार टन पाचट निघतं. जाळल्यावर पालाश राखेत थोडाफार राहतो, पण नत्र आणि सगळा सेंद्रिय भाग धुरात जातो. म्हणजे खत पोरांच्या छातीत जातं आणि जमीन उपाशी राहते. या वर्षी दुसऱ्या तुकड्यात मी पाचट ठेवलं. बुडखे जमिनीलगत छाटून घेतले, पाचट सरीत पसरलं आणि एका टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत या हिशेबानं टाकून पाणी दिलं. पाणी सरीच्या टोकाला पोचायला पहिल्या वेळी फार वेळ लागला, खोटं कशाला बोलू. पण नंतर दोन पाण्यांतलं अंतर वाढलं आणि खुरपणीचा खर्च निम्म्याच्याही खाली आला. ज्यांना जमत असेल त्यांनी ट्रॅक्टरच्या कुट्टी यंत्रानं पाचट बारीक करून घ्यावं, काम लवकर होतं. आणि ज्याला या वर्षी जाळल्याशिवाय गत्यंतरच नाही, त्यानं निदान पोरांना आदल्या दिवशी निरोप द्यावा.

वेळेचा प्रश्न मात्र वाटला तेवढा सोपा नव्हता. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात दुपारी साडेतीन ते साडेपाच ही वेळ चांगली, चुली पेटायच्या आत. पोरं गेली दुपारी. पोरींचं काय? पहाटेची वेळ त्यांनी हौसेनं निवडलेली नसते. दिवसभर घरकाम, शाळा-कॉलेज, संध्याकाळी धार, भाकरी. पहाटे पाच ते सहा एवढाच तास त्यांचा स्वतःचा. त्यातही आमची मुलगी आधी चूल पेटवून, चहाचं आधण ठेवून मग पळायला जात होती. म्हणजे धुराची सुरुवात घरातूनच. दुपारी पळायचं तर रस्त्यावर माणसं असतात, बघतात, बोलतात.

शेवटी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलो. शाळा सुटल्यावर पटांगण दीड तास मुलींना द्यायचं त्यांनी कबूल केलं. एका फेरीचं अंतर फितीनं मोजून चुन्याच्या रेघा मारल्या. पाण्याचा टँकर नाही, पण धुळीवर शिंपडायला दोन मुलींनी पाइप ओढून आणला. आता तिथं नऊ जणी पळतात, त्यात एक दोन लेकरांची आई आहे. महिनाभरात आमच्या मुलीची शिट्टी थांबली. आठ-नऊ सेकंदांतली सहा परत मिळाली आहेत, उरलेली मिळवायची आहेत. भरतीची तारीख अजून लागलेली नाही. स्थळाला भावानं ‘पुढच्या वर्षी बघू’ असं कळवलं.

संध्याकाळची धार आता तोच काढतो. म्हैस अजून त्याला नीट पान्हवत नाही. रोज अर्धा लिटर दूध कमी भरतं म्हणून डेअरीत कुरकुर करतो, पण कासंडी घेऊन वेळेवर गोठ्यात जातो.